लुंबिनीची माती

शेवंताबाईनं बालाघाट-वारासिवनीपलीकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि गेली ती एकदम परदेशात. नेपाळात, लुंबिनीला. धर्म घेतल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. बुद्धाचं जन्मठिकाण पाहायची हौस खरी तिच्या नवऱ्याची, सुखरामची. पण दम्यानं तो खाटेला खिळलेला. म्हणाला, "तूच जाय. मले तिथची माती आण. माह्या कपायाले लाव, मंग मी मोकळा."

शेवटच्या दिवशी सकाळीच तिनं पदर फाडून त्यात माती बांधली. सरहद्द ओलांडून संध्याकाळची नौतनव्याची गाडी धरली की झालं. पण जत्थ्याचा पुढारी कोण? टिकाराम, सुखरामचा सख्खा धाकटा भाऊ! सरहद्दीच्या अलीकडं भैरहव्याच्या बाजारात याला बाहेरदेशची घड्याळं दिसली आणि याचे पाय तिथंच रुतले. हे चढव, ते उतरव, घासाघीस कर, पुन्हा पुढचं दुकान.

"भाऊजी, चाला ना. तुमचा भाऊ तिकडं वाट पाहून राह्यला. गाडी सुटन."

"घाबरता काहून वैनी? दादाले काही होत नाही. तो आपल्या साऱ्याइले पोचवून जाईन."

जळो ती जीभ! घड्याळ घेतलं आणि गाडी गेली. दुसरी थेट दुसऱ्या दिवशी. शेवंताबाई पुरचुंडी पोटाशी धरून फलाटावर बसली, आणि हा गडी, कुणी विचारलं नसताना, येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ सांगत फिरला.

जबलपूरहून शेवटी घरची छोटी गाडी मिळाली. लामत्याला सुखरामची चुलतबहीण रुख्माबाई डब्यात चढली. शेवंताला पाहताच तिनं तिचा हात घट्ट धरला.

"माती भेटन का वं आपल्याले?"

शेवंता तोंडभरून हसली. "भेटन ना! तुले काहून नाही भेटणार? चिमूट चिमूट साऱ्याइले देतो. पण पयली त्याइच्या कपायाले."

रुख्माबाई तिच्याकडं बघतच राहिली. आमच्या मुलखात माती म्हणजे मयत, माणसाला शेवटचं पोचवणं. शेवंताला का ते ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी तिच्या डोक्यात एकच माती होती.

"अवं बाई, मी सुखरामभाऊच्या मातीचं म्हणून राह्यली. तुले खबर नाही? काल पहाटेच गेला तो."

माती मिळाली नाही. लोकांनी प्रेत ठेवून कालच्या गाडीची वाट पाहिली होती. त्याच गाडीनं ही मंडळी यायची होती. गाडी आली, हे उतरले नाहीत, तेव्हा दिवस बुडायच्या आत लोकांनी उरकून घेतलं.

दारात टिकारामनं असा हंबरडा फोडला की अख्खा वार्ड त्यालाच धरायला धावला. शेवंता रडली नाही. तिला संताप आला होता, आणि संतापात रडू सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी माणसं जमली. तिनं पुरचुंडी सोडली आणि एकेकाच्या हातावर चिमूटभर माती ठेवत गेली. म्हातारे, पोरं, शेजारपाजार, कुणाला नाही म्हटलं नाही. शेवटी टिकारामनं हात पुढं केला. मनगटावर ते नवं घड्याळ चकाकत होतं.

शेवंतानं पुरचुंडीला गाठ मारली. जन्मात कधी दिराला अरे-तुरे न केलेली बाई, सगळ्यांदेखत म्हणाली, "तुले काहून माती पाह्यजे रे? तू घडी पाह्य. सांग मले, किती वाजले?"