मयुराच्या खिडकीतला कूलर

नागपूरच्या उन्हाशी देवाजींचं वैर नाही, उलट सोयरीकच आहे. होळी आटोपली की नंदनवन वस्तीतल्या घरापुढं, टिनाखाली ते कूलरच्या ताट्या भरायला बसतात. पारा सत्तेचाळीसला टेकला की लोक सूर्याला शिव्या घालतात आणि देवाजींना फोन करतात. गिऱ्हाइकांच्या ताट्यांत लाकडाचा कीस, स्वस्त पडतो. अस्सल वाळा मात्र एकाच कूलरला, मयुराच्या खिडकीतल्या.

मयुरा त्यांची एकुलती पोरगी. बंगळूरला असते, तिथं म्हणे पंख्यावर भागतं. भागो बापडं! पण लग्नानंतरही ती दर वर्षी नवतप्यात, मे सरतानाच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, हट्टानं माहेरी यायची. कूलरपुढं उशी ओढून दुपारभर झोपायची. मग ऋषी झाला. डॉक्टर म्हणाले, लेकराला हे ऊन सोसायचं नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

तरी देवाजी दर मे महिन्यात वाळा भरत, टाकीत पाणी सोडत आणि रिकाम्या खोलीत कूलर लावत.

"काहून जी, कोणासाठी लावून राहिले?" त्यांची बायको सिंधूताई विचारायची.

"बंद ठेवला त पंप जाम होते," ते म्हणत. साफ खोटं! पोरगी हे घर विसरली की काय, या धास्तीनं जीव तुटायचा त्यांचा.

या डिसेंबरात ती आली. आली तीही नेमकी कडाक्यात, पारा सातवर. आमच्या नागपूरला मधलं काही जमतच नाही. दिवाळीला सगळ्यांचे कूलर उतरतात, पण हा एक उतरवणं देवाजींच्या जिवावर आलं होतं. पहाटे त्याच्याच फटींतून वारा शिरला आणि ऋषी कुडकुडत उठला. देवाजी ओशाळले. पाना घेऊन कूलर काढायला लागले.

"नका काढू, बाबा." मयुरानं ऋषीला गोधडीत गुंडाळून आईकडं दिलं. "पाच मिनिटं लावून द्या ना. पाणी टाकून."

"येडी झाली काय वं? गारठून मरशीन!" सिंधूताई ओरडली आणि नातवाला घेऊन स्वयंपाकघरात गेली.

देवाजींनी टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. आधी धूळ उडाली, मग वाळ्याचा वास खोलीभर झाला. ब्लँकेट पांघरून मयुरानं उशी कूलरपुढं ओढली. तिचे दात वाजत होते.

"तिकडं वाळा आणून मडक्यात टाकून पाह्यला मी, बाबा. तीन उन्हाळे. हा वास काही आला नाही."

देवाजी तिच्या शेजारी फरशीवरच बसले. तिनं अर्धं ब्लँकेट त्यांच्यावर टाकलं.

"झाले ना पाच मिनिटं? बंद करा जी!" आतून सिंधूताईची हाक आली.

देवाजींनी डोळे पुसले.

"राहू दे वं," ते म्हणाले, "पंप जाम होते."