वडिलांच्या बाजूची वर्तुळं

ताईला जाऊन सव्वा वर्ष झालं. स्तनाचा कर्करोग होता. कळला तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. तिच्या आजारपणात मी साताऱ्याहून जयपूरला आले आणि नंतर विद्याधर नगरमधल्या तिच्या घरीच राहिले. मुद्रितशोधनाचं काम कुठेही बसून करता येतं. घरात सैन्यातून निवृत्त झालेले दाजी आणि नोकरी करणारी माझी भाची. आम्ही तिघं एकमेकांशी जरा जपूनच बोलतो.

ताई वाइन घ्यायची. सवय सैन्याच्या मेसमधल्या पार्ट्यांत लागली, पण तिला ती आवडायची, हेही खरं. संध्याकाळी एक ग्लास, कधी दोन. आई साताऱ्याहून राहायला आली की तीच वाइन स्टीलच्या पेल्यातून प्यायली जायची. आईला अर्थातच ठाऊक होतं. तेराव्याची जेवणं उरकल्यावर ती दाजींकडे न बघता म्हणाली, "तुमच्या त्या पार्ट्यांनी खाल्ली माझी पोर." दाजी पत्रावळ्या उचलू लागले. त्या दिवसापासून त्यांनी पिणं सोडलं. तेही कुणाला सांगितलं नाही, आमच्या हळूहळू लक्षात आलं.

भाचीने आजीचं ते वाक्य ऐकलं होतं. काही महिन्यांनी ती मला म्हणाली, "मावशी, मतलब, आजीला कोणीतरी सांगायला पाहिजे ना, की मम्मीला जीन्समुळे झालं, वाइनमुळे नाही."

मी वाचायला घेतलं. दुसरं काही मला येत नाही. दारूने या रोगाचा धोका वाढतो, थोड्या दारूनेही थोडा वाढतो. पोटात गेलेल्या दारूचं शरीरात आधी एका घातक द्रव्यात रूपांतर होतं. ते कुणाच्या शरीरात लवकर नष्ट होतं, कुणाच्या उशिरा, आणि हा फरक जन्मजात असतो; पण त्याने या रोगात किती फरक पडतो, याचं पक्कं उत्तर मला सापडलं नाही. काही थोड्या घरांत मात्र एखाद्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि धोका खूपच वाढवतो. बहुतेक रुग्णांमध्ये असा दोष नसतो. हे सगळं हजारो बायकांबद्दल खरं होतं. एका बाईचं नेमकं काय झालं, ते त्यातून कळत नव्हतं. भाचीला सगळं सांगितलं. तिने जनुकांचं तेवढं ऐकलं. दारूचं तेवढं आईने आधीच धरून ठेवलं होतं.

ताईची जनुकांची तपासणी राहून गेली होती. डॉक्टरांनी सुचवली होती, पण घरात कुणालाच हा आजार नव्हता असं आम्ही दोघींनी सांगितलं, तेही प्रामाणिकपणे, आणि आणखी एक सुई तिला नको होती. आता भाचीला स्वतःची तपासणी करायची होती. दाजींच्या घराण्यात असं कुणी नव्हतं, तेव्हा दोष निघाला तर तो ताईकडूनच आलेला. म्हणजे मम्मीची चूक नाही, हे सिद्ध. दोष निघाला तर पुढे आपलं काय, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला होता. मला तिच्यासाठी भीती वाटली.

तपासणीआधी सल्ला देणाऱ्या मुलीने कागदावर आमचं घराणं काढलं. बायकांना वर्तुळ, पुरुषांना चौकोन. आईच्या बाजूच्या बायका ऐंशीच्या पुढे गेलेल्या. वडिलांना एक बहीण होती, ती छत्तिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेली, असं मी सांगितलं. "पेट में क्या था?" मला माहीत नव्हतं. तिने त्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं आणि सांगितलं की दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. जन्म पुस्तकांत गेला, तरी हे माझ्या मनात आलं नव्हतं. आमच्याकडे नाक आणि राग वडिलांकडून येतो. बायकांची दुखणी आईकडून.

संध्याकाळी आईला फोन करून आत्याबद्दल विचारलं. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, पोट नव्हतं, छातीत गाठ होती.

"मग पोटाचं का सांगितलं?"

"तुम्हा दोघींची लग्नं व्हायची होती."

ताईचं स्थळ तेव्हा ठरत आलं होतं. म्हणून आत्याचं दुखणं वीतभर खाली सरकवलं गेलं आणि तीस वर्षं तिथेच राहिलं. माझं लग्न झालंच नाही.

हे कळल्यावर सल्ला देणाऱ्या मुलीने मलाही तपासणी करायला सांगितलं. भाचीने आणि मी एकाच दिवशी रक्त दिलं.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आले. दोष माझ्यात होता, भाचीत नव्हता. तिचं अभिनंदन झालं आणि तिचा चेहरा पडला. "मम्मीत होता की नाही, ते कसं कळणार?" तिने विचारलं. नाही कळणार, असं उत्तर मिळालं. असू शकेल, नसू शकेल. आणि असला तरी त्याचा वाटा किती, वाइनचा किती, हे एका माणसाबाबत कुणीच सांगू शकत नाही.

परतताना झोटवाड्याच्या गर्दीत गाडी थांबली, तेव्हा कुठे माझ्या रिपोर्टचा अर्थ तिच्या ध्यानात आला. "सॉरी मावशी," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला खूश व्हायला पाहिजे ना?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईला फोन केला. मी आजारी नाही, पण आता दर वर्षी तपासण्या कराव्या लागतील. आत्यात बहुधा जे होतं ते बाबांच्या मार्गे माझ्यात आलंय, असं सांगितलं.

"पण तू तर कधी थेंबही घेतला नाहीस."

"नाही घेतला."

एवढ्याने वाइन दोषमुक्त होत नाही, हे मला माहीत होतं. मी ते बोलले नाही.

"जावईबापू आहेत का घरात?" तिने विचारलं. "त्यांना दे जरा."

दाजी फोन घेऊन गॅलरीत गेले. वरिष्ठांपुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहून ते ऐकत होते, मध्येच फक्त "हो" म्हणत होते. आई काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. आत येऊन त्यांनी फोन परत दिला आणि तुझी पुढची तपासणी कोणत्या दिवशी आहे ते सांग, मी गाडी काढतो, एवढंच म्हणाले.