आयोडीनचे थेंब

आमच्या सोनगीरच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर भज्यांचा कागद कधी तसाच टाकत नसत. आधी तो उजेडाकडे धरून तेलाचा पारदर्शक डाग निरखायचे, मग म्हणायचे, "पिठाची ताकद लगेच खर्चायला, तेलाची साठवून ठेवायला." मी मराठी शिकवायचो. रोज तेच वाक्य ऐकून कंटाळलो होतो.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं मुलांबरोबरच डबा खायचो. एकदा एका मुलीच्या डब्यातली कळण्याची भाकरी बघून मुलं "काळी, काळी" म्हणून हसली. ज्वारी-उडदाची ती भाकरी काळपटच असते. मुलीनं झाकण लावून टाकलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या गव्हाच्या पोळ्यांचे तुकडे केले, बाकाबाकावर ठेवले आणि प्रत्येकावर आयोडीनचा थेंब सोडला. तुकडे निळेकाळे पडले.

"स्टार्च," सर म्हणाले. "गव्हात तोच, ज्वारीतही तोच." मग एकदम अहिराणीत, "आते बठ्ठास्नी काळी शे." म्हणजे आता सगळ्यांचीच काळी.

आयोडीन लागलेली पोळी काही खाता येत नाही. सरांचा डबा रिकामा झाला होता. ते उठून त्या मुलीच्या बाकावर जाऊन बसले.

"मनी पोळी ते गई, माय. माले थोडी भाकर दे."

तिनं झाकण उघडलं, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. डब्याबरोबर आणलेल्या छोट्या बाटलीतलं कच्चं तेलही वर ओतलं.

"साठवून ठेवायला, सर," ती म्हणाली.