घरात कोण कुठे झोपतं?

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत, सामोअन चर्चमागच्या छोट्या खोलीत लोसिवालेकडे भांडणारी जोडपी येत, पण ती भांडणाबद्दल आधी काही विचारतच नसे. "घरात कोण कुठे झोपतं?" हा तिचा पहिला प्रश्न. वृद्धाश्रमात पंधरा वर्षं म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलून झाल्यावर तिने चाळिशीत समुपदेशनाचा अभ्यास केला. पण हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड तिला लहानपणापासूनच होती. आता त्याचाच पगार मिळतो, असं ती नवऱ्याला सांगे.

सेफिना आणि तिचा नवरा टाविटा आले तो गुरुवार होता. शनिवारी सेफिना सहा वर्षांच्या लेकीला, मालियाला घेऊन ऑकलंडला आईकडे जाणार होती, कायमची. बॅग भरून झाली होती. तिचा भाऊ इओसुआ व्हॅनने पोचवणार होता. आजही त्यानेच दोघांना आणलं होतं.

"आणि तो बाहेर गाडीतच बसलाय? एवढ्या थंडीत?" लोसिवालेने विचारलं.

"असू दे आँटी, बसेल तो," सेफिना घाईघाईने म्हणाली.

पण दाराशी आलेल्या माणसाला बाहेर ठेवायचं लोसिवालेला आईने शिकवलंच नव्हतं. इओसुआ वाकून आत आला आणि अंग चोरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

मग तिने विचारलं, "हं, घरात कोण कुठे झोपतं?"

सेफिनाने मान खाली घातली. टाविटा छताकडे बघू लागला. इओसुआ स्वतःच्या चपला निरखत राहिला.

"तसं सगळं ठीक आहे," टाविटा म्हणाला.

"ठीक आहे म्हणून बायको ऑकलंडला चाललीय?"

"भांडी आपटते ती."

"मी तर आज सकाळीच आपटली," लोसिवाले म्हणाली.

कोणी हसलं नाही. लोसिवालेला नवल वाटलं. सोडून जाते म्हणणारी बायको इतकी गप्प कशी? तिची नजर सेफिनावरून कोपऱ्यात गेली, आणि तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. भावाच्या देखत तिने बहिणीला अंथरुणाबद्दल विचारलं होतं. तिच्या स्वतःच्या भावासमोर कोणी तिला असं विचारलं असतं, तर ती उठूनच गेली असती. पाहुण्याचा मान राखायच्या नादात ती त्याहून जुना, भावाबहिणीतला मान विसरली होती.

"इओसुआ, मागे स्वयंपाकघर आहे. बहिणीसाठी कोको कर. कोकोची वडी नीट किसून घे, घाई नको."

बहिणीला वाढणं हे त्यांच्यात भावाचं कामच. तो सुटका झाल्यासारखा उठला.

दार लागलं तशी सेफिना बोलू लागली. टाविटाची आई राहायला आली, तिला त्यांनी आपली खोली दिली. ते बरोबरच होतं. तेव्हापासून ही दोघं बैठकीत झोपत, मध्ये मालिया आणि भिंतीकडे टाविटाचे दोन पुतणे.

"आठ महिने मी याच्याशी कुजबुजतेय. रडायचं तर गाडीत जाऊन रडते. भांडी आपटते, कारण तेवढाच आवाज मला करता येतो."

टाविटाने आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुला आई नकोय."

"आई कशाला नको असेल? मालियाच्या वेण्या तीच घालते. मला तू हवायस, मठ्ठ माणसा."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू? पाच जणांच्या अंथरुणात?"

"रिकामी जागाच नाही घरात?" लोसिवालेने विचारलं.

"गॅरेज आहे," टाविटा म्हणाला. "पण तिथे हिच्या भावाची मोडकी होडी पडलीय."

तेवढ्यात इओसुआ आला. पहिला पेला त्याने बहिणीला दिला. आत काय झालं ते त्याने विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

"शनिवारी व्हॅन किती वाजता आणू?" एवढंच तो म्हणाला.

सेफिनाने सावकाश घोट घेतला. लोसिवाले पुढे सरकून बसली. ही काय म्हणणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"सातला."

टाविटाचा चेहरा उतरला.

"येताना प्लायवूड घेऊन ये. गॅरेजमध्ये भिंत घालायचीय. आणि जाताना तुझी होडी घेऊन जा."

इओसुआने जरा विचार केला. "दार लागेल?"

"लागेल," टाविटा म्हणाला. "कडीसकट."

इओसुआ पुन्हा चपला निरखू लागला.