हवा की मोटर

दुबलगुंडीच्या राघोबाला नेत्राचा कप बघवत नव्हता. सिद्धलिंगप्पांच्या डाळमिलमध्ये त्यानं फिटर म्हणून उभी हयात घातली, तरी चहा कागदी पेल्यातच. आणि बिदरच्या मैलूरहून आलेल्या या इंजिनिअर पोरीला पहिल्याच दिवशी बशीसकट कप! राघोबाचा नुसता जळफळाट झाला.

मिलला तूरडाळीची पाकिटं भरणारी नवी यंत्रं घ्यायची होती. जुनं यंत्र हवेवर चालायचं. कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये शिरली, की जबडे मिटायचे आणि पाकीट चिकटायचं. त्याचं दुखणंखुपणं बघणारा एकटा राघोबा, त्यामुळे मिलमध्ये त्याचा शब्द चालायचा. नेत्रानं आजमावायला आणलेलं यंत्र मात्र हवेवर नाही, विजेच्या सर्वो मोटरवर चालणारं. अर्ध्या किलोवरून किलोच्या पाकिटावर जायचं, तर राघोबा पान्हे घेऊन घाम गाळायचा. ही पडद्यावर बोट टेकवायची, झालं! आता कामगार तिच्याभोवती गोळा व्हायचे, आणि इकडे याच्या पोटात दुखायचं.

"धुळीत टिकायचं न्हाई ते," असं तो दिसेल त्याला सांगत सुटला.

शेवटी अप्पांनी दोन्ही यंत्रं समोरासमोर चालवायची ठरवली. ज्याची पाकिटं नीट निघतील, तसलीच नवी घ्यायची. आता राघोबाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. शेजारचा सॉर्टर त्याच कॉम्प्रेसरच्या हवेच्या फुंकरीनं डाळीतले काळे दाणे उडवतो, आणि तो चालू असला की पाकिटाच्या यंत्राला हवा पुरत नाही, जबडे ढिले मिटतात. त्या सकाळी तो सॉर्टर सांभाळणाऱ्या अंबिकेकडे गेला.

"अक्का, पट्टा तापायलाय. आज बंदच ठेव."

"कामून? चांगला तर चालायलाय की!"

"फिटर मी का तू?"

अंबिकेनं बापडीनं सॉर्टर बंद ठेवला.

राघोबाचं एकही पाकीट सुटलं नाही. सर्वोच्या यंत्राचा पाकीट हेरणारा सेन्सरचा डोळा धुळीनं भरला आणि ते मध्येच अडून बसलं. अप्पांनी राघोबाची पाठ थोपटली. त्यानं मोठ्या तोऱ्यात नेत्राकडे पाहिलं. तिचा चेहरा पडलेला बघायची त्याची फार इच्छा होती, पण ती कॉम्प्रेसरचा दाब दाखवणारा काटा न्याहाळत होती.

"अप्पा, मामांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "इथल्या धुळीत हवेवरचंच घ्या. बिघडलं तर मामा इथंच दुरुस्त करतील. फक्त त्याला वेगळा कॉम्प्रेसर द्या. आज सॉर्टर बंद होता म्हणून निभावलं. दोन्ही एकदम चालले, तर पाकिटं सुटतील."

"बघा, पोरगी किती लांबचा विचार करायलीय!" अप्पा खूश झाले.

जिंकला हा आणि वाहवा तिची! राघोबा आतून धुमसत होता, तेवढ्यात अप्पा त्याच्याकडे वळले.

"राघोबा, सॉर्टरमुळं हवा कमी पडती, हे तुला ठावं न्हवतं व्हय?"

अंबिका त्याच्याकडे टक लावून बघत होती. व्हय म्हणावं, तर लबाडी उघडी पडणार. नेत्रानं नजर खाली वळवली. तिला सगळं कळलं होतं, आणि ती बोलणार नव्हती. तिचा तो मोठेपणा राघोबाला सगळ्यात जास्त झोंबला.

"न्हाई अप्पा," तो म्हणाला. "आपल्या ध्यानातच आलं न्हाई ते."

"असू दे. मग नवी यंत्रं बसवताना या पोरीला इचारून करत जा."

राघोबानं सगळ्यांदेखत मान डोलावली.