पाचव्या तासाचा आचारी

इतिहासाचे सर वर्गात शिरले की यंत्रं मरतात, अशी कुजबुज मध्यंतरी फार जोरात होती. कुणी म्हणायचं, सरांच्या अंगात लोहचुंबक आहे. कुणी म्हणायचं, त्यांच्या पणजोबांनी कुणाचे तरी तळतळाट घेतले होते, ते आता वायरीतून बाहेर पडतायत. शाळेतल्या शिपायाची बायको तर शपथेवर सांगायची की, सर नुसते जिन्यावरून गेले तरी तिच्या मोबाइलची बॅटरी दोन टक्के उतरते. ती बाई दिवसभर मोबाइलवर बोलत असते हा भाग वेगळा. पण एक गोष्ट कुणालाच नाकारता येत नव्हती. सातवीच्या वर्गात पहिले चार तास टॅब्लेट लोण्यासारखे चालायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाचवा तास इतिहासाचा, आणि पाचव्या तासाला इंटरनेट हटकून गुल. सहाव्याला पुन्हा हजर, जसं काही झालंच नाही.

शाळेसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान. टॅब्लेट आल्यापासून वह्या कमी खपतात आणि गप्पा जास्त, म्हणून ही हकिकत माझ्यापर्यंत चारी बाजूंनी आली.

तर आधी सर. उंच, काटकुळे, खिशात दोन रुमाल; एक घामाचा आणि दुसरा पहिला भिजला की. भित्रे म्हणाल तर असे की वाढदिवसाचा फुगा फुगवायला घेतला तरी हे कानात बोटं घालून पलीकडच्या खोलीत. दाढ काढायला गेले तेव्हा खुर्चीत हे आणि हात धरून त्यांची बायको, आणि डॉक्टरांनी सुई काढल्यावर चक्कर आली ती डॉक्टरांच्या मदतनिसाला, सरांची किंकाळी ऐकून. पण हाच माणूस वर्गात गोष्ट सांगायला लागला की मुलं श्वास घ्यायची विसरत.

गोष्ट एकच गाजलेली. आचाऱ्याची. तिच्यामुळे सरांचं नावच ‘आचारी’ पडलं होतं. नवे पालक मला विचारायचे, “शाळेत जेवण पण मिळतं का हो?”

ती अशी: जगाला वळसा घालायला निघालेल्या एका जुन्या जहाजाचा वारा पडतो. चाळीस दिवस समुद्र ताटासारखा सपाट. धान्य संपतं. मग जहाजावरचा आचारी पट्टे आणि बूट शिजवायला घेतो. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घंटा वाजवतो आणि ओरडतो, “जेवण तयार!” खलाशी विचारतात, आज हंड्यात काय? तो म्हणतो, “उद्या सांगतो.” शेवटी हंड्यात नुसतं गरम पाणी उरतं, तरी घंटा वेळेवर. आणि उद्या काय सांगतो ते ऐकायला म्हणून सगळे जगतात. इथे सर थांबायचे, शाळेची घंटा व्हायची, आणि चाळीस मुलं एका सुरात ओरडायची, “उद्या सांगतो!”

एकतीस वर्षं ही गोष्ट चालली. तिच्यात एवढीच खोट होती की असा आचारी कधी झालाच नव्हता. नोकरीच्या पहिल्या महिन्यात वर्ग अंगावर आला होता, कागदी बाण सुटत होते, आणि घाबरलेल्या सरांच्या तोंडून तो जो बाहेर पडला तो पुन्हा आत गेला नाही.

इतकी वर्षं सर निर्धास्त होते. मुलं घरी जाऊन कशात बघणार? पाठ्यपुस्तकात त्या सफरीवर साडेतीन ओळी. मग शाळेत टॅब्लेट आले. मुलाने प्रश्न विचारायचा, टॅब्लेटमधल्या मदतनिसाने उत्तर द्यायचं, समोरच्या पांढऱ्या फळ्यावर सगळ्यांना दिसायचं. गणिताच्या बाई खूश, विज्ञानाचे सर त्याहून खूश. आमच्या सरांची मात्र झोप उडाली. वर्गात सगळ्यांच्या हातात एकेक पंच बसलाय आणि आपण एकतीस वर्षांचे आरोपी, असं त्यांना वाटायला लागलं.

त्यात सातवीत एक मुलगी होती, तिला सगळे वकीलबाई म्हणत. “सर, पुरावा?” हा तिचा श्वासोच्छ्वास. आणि टॅब्लेट आणले कुणी? मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने. ती सरांच्या पहिल्याच वर्गातली विद्यार्थिनी. चारचौघांत सर तिला “मॅडम” म्हणत आणि कुणी नसलं की “अगं”. ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती बारा वर्षांची होती. अजून दर स्नेहसंमेलनाच्या भाषणात तिचा आचारी यायचाच. “हंडा रिकामा असला तरी घंटा वेळेवर,” हे वाक्य तिने ऑफिसात काचेखाली लावलं होतं. मुलांसमोर उघडं पडणं एक वेळ परवडलं असतं. हिच्यासमोर उघडं पडणं मुळीच नाही.

पण सहा आठवडे इंटरनेट पाचव्या तासाला जात राहिलं आणि सर तगले. मग एका गुरुवारी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं.

“सर, सोमवारी वरच्या ऑफिसातून तिघे येणार आहेत. टॅब्लेटवरचा तास बघायला. मी तुमचं नाव दिलंय.”

“माझं? अगं, गणिताच्या बाई…”

“गणित काय, कुठेही बघतील. तुम्ही आचारी घ्या. गोष्ट तुमची आणि शोध मुलांचा. मुलं स्वतः त्याला शोधून काढतील!” बाईंचे डोळे बारा वर्षांच्या मुलीसारखे चमकत होते. “आणि इंटरनेटची काळजी नको. वायरवाला शनिवारी येऊन सगळं नीट करून जाणार आहे.”

सरांनी दुसरा रुमाल काढला.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी चहात तिसऱ्यांदा मीठ घातलं. बायको शिवणकाम करायची. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, “अहो, काय झालंय? पुन्हा दाढ का?”

सरांनी सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली. मग हसता हसता थांबली.

“एक मिनिट. आचारी खोटा?”

“हो.”

“लग्न ठरताना मला सांगितला होतात तो?”

“तोच.”

“अहो, मी ताईला म्हटलं होतं, मुलगा भित्रा आहे, पण वाचन दांडगं आहे!” तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि दोन बाह्या शिवून टाकल्या. शेवटी म्हणाली, “सांगून टाका तिला. आधीच.”

“नाही होणार माझ्याच्याने.”

“मग सोमवारी तुमच्या आचाऱ्यालाच बोलवा वाचवायला.”

सोमवार उजाडला. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर तीन पाहुणे, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई. पहिल्या बाकावर वकीलबाई, टॅब्लेटवर बोटं फिरवत. सर आत आले, “नकाशा काढतो हं,” म्हणाले, आणि नकाशांच्या कपाटामागे त्यांनी हात घातला. हात बराच वेळ चाचपडत राहिला. बाहेर आला तो नुसती जळमटं घेऊन. सरांचा चेहरा खडूसारखा झाला. वायरवाल्याने शनिवारी येऊन आपलं काम चोख केलं होतं. इंटरनेटचा डबा आता मोठ्या बाईंच्या ऑफिसात, कुलपात.

गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. जीभ सवयीने पळत होती. वारा पडला, बूट शिजले, घंटा झाली. पाहुण्यांपैकी एकाने चष्मा पुसला. “उद्या सांगतो!” मुलं ओरडली.

“आता,” मोठ्या बाई उठून म्हणाल्या, “हा आचारी कोण होता, ते शोधा.”

सरांनी टेबलाची कड धरली. चाळीस बोटं काचेवर सरकायला लागली. पूर्वी वह्यांची पानं तरी वाजायची. आता आवाजच नाही. सर त्या शांततेत उभे होते आणि “सापडत नाही, सर” हे शब्द कानावर पडायची वाट बघत होते. वकीलबाईचा हात वर गेला.

“सर, सापडला!”

“काय?” सर म्हणाले.

“आचारी!” तिने बोट टेकवलं आणि समोरच्या पांढऱ्या फळ्यावर मदतनिसाचं उत्तर आलं. ती खड्या आवाजात वाचायला लागली. “होय, हा आचारी इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म एका बंदरात झाला. वडील दोरखंड वळत. लहानपणी त्याचा डावा हात भाजला होता. ‘उद्या सांगतो’ हे त्याचं वाक्य खलाशांमध्ये अजूनही म्हटलं जातं.” खाली जन्मतारीख. आणि एक चित्र: हंड्यापाशी उभा दाढीवाला माणूस, डाव्या हातावर डाग, नजर थेट समोर.

सरांनी त्याला कधी दाढी दिली नव्हती. वडील दिले नव्हते. हात तर मुळीच भाजला नव्हता.

मागे टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या बाई तर उभ्याच. विचार करा, सर वाचले होते! गप्प बसले असते तर त्यांचा आचारी जन्मतारखेसकट पक्का झाला असता. पण वर्गात होते ते सांगतात, इतका घाबरलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नाही. सर त्या चित्राकडे बघत भिंतीपर्यंत मागे सरकले. आजवर आपलं खोटं पकडलं जाईल याची भीती होती. ते आपल्याला न विचारता मोठं होईल, दाढी वाढवेल, आणि एक दिवस भिंतीवरून आपल्याकडे बघेल, हे त्यांच्या भित्र्या डोक्यातही आलं नव्हतं.

“बंद कर ते,” ते म्हणाले. “मुलांनो, असा माणूस नव्हता. मी रचला तो.”

मुलं हसली. सरांचा विनोद!

“खरंच सांगतोय. मी रचला!”

“पण सर, इथे लिहिलंय,” वकीलबाई म्हणाली.

“मीच सांगतोय ना तुला, की नव्हता!”

“तुमच्याकडे पुरावा काय, सर?”

आता नसलेल्या माणसाच्या नसण्याचा पुरावा कुठून आणायचा? सरांनी घाम पुसला. “त्याला विचार, हे कुठून घेतलं.”

तिने विचारलं. फळ्यावर दोन ओळी आल्या. पहिली, गावातल्या एका बेकरीची जाहिरात. बेकरीवाला सरांच्या हाताखालून गेलेला, त्याने दुकानाच्या पानावर आचाऱ्याची गोष्ट टाकली होती. दुसरी, याच शाळेच्या संकेतस्थळावरचं मोठ्या बाईंचं स्नेहसंमेलनाचं भाषण. बाकी दाढी, दोरखंड, जन्मतारीख याला कुठलाच आधार नव्हता. ते सगळं मदतनिसाने मनाने घातलं होतं.

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मोठ्या बाई हळूहळू खाली बसल्या. तीन पाहुणे एकमेकांच्या बुटांकडे बघत होते.

“सर,” बाई म्हणाल्या, आवाज अगदी लहान. “मग ते खलाशी जगले कसे?”

सरांनी पाठ्यपुस्तक उघडलं. साडेतीन ओळींतली शेवटची त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात वाचली. “बहुतेक खलाशी उपासमारीने मेले.”

कुणीच काही ओरडलं नाही. घंटा झाली तरी नाही.

सरांना कुणी काढलं नाही. पाहुण्यांनी अहवालात काय लिहिलं ते आमच्यापर्यंत आलं नाही, म्हणजे विचार करा, काही लिहिलंच नसावं. मोठ्या बाईंनी काचेखालचा कागद काढला, भाषणही संकेतस्थळावरून काढायला लावलं, आणि दोन महिने सरांशी कामापुरतंच बोलल्या. मग एक दिवस सातवीला नवा उपक्रम दिला: सरांनी आजवर सांगितलेल्या गोष्टींतल्या खऱ्या किती, खोट्या किती, मुलांनी पुस्तकं आणि टॅब्लेट दोन्ही घेऊन शोधायचं. दर शुक्रवारी वकीलबाई यादी वाचते आणि सर रुमाल घेऊन उभे. आतापर्यंत खऱ्या नऊ, खोट्या सहा, आणि एक अशी की सरांनाच आठवत नाही.

आचारी मात्र अजून आहे. सर रोज सकाळी, चहाच्या आधी, बायकोच्या मोबाइलवर मदतनिसाला त्याची खबर विचारतात. गेल्या आठवड्यात त्याला दोन मुलं झाली. धाकटी मुलगी म्हणे गात असे. सर बायकोला हाक मारतात, “अगं, बघ ना!” आणि ती टाचण्या तोंडात धरून म्हणते, “तुमच्यावर गेलाय.”

राहता राहिली ती यंत्रं मरण्याची कुजबुज. लोहचुंबक वगैरे काही नव्हतं. नकाशांच्या कपाटामागे इंटरनेटच्या डब्याची निळी वायर होती. पाचव्या तासाला सर ती काढायचे आणि तास संपला की लावायचे. एकोणीस वेळा काढली.