शिक्का जुळला

भूत, करणी, लागीर... या सगळ्यावर मी पोटभर हसलेला माणूस आहे. विरारच्या आमच्या सोसायटीत दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टर उडवणारा तो मीच! शिवाय माझं कामच पुराव्याचं.

वालीवच्या एका गाळ्यात आमची क्वांटम क्रिप्टोग्राफीची छोटी लॅब आहे. एक पेटी आमच्याकडे, दुसरी गोखिवऱ्याला, मधे फायबर. प्रकाशाच्या एकेका कणातून दोन्ही पेट्यांत सारख्याच गुप्त किल्ल्या तयार होतात. तिकडची पेटी किल्लीने मेसेजवर शिक्का मारते, इकडची तो ताडून बघते. जुळला तर हिरवा, नाहीतर लाल. किल्ली एकदाच वापरायची – मग ती पुसली जाते.

गोखिवऱ्याला विल्सन बसायचा. वसईच्या पाचूबंदरचा, माझा जिगरी दोस्त. टेस्टिंगच्या दिवशी तो मुद्दाम बिनशिक्क्याचे खोटे मेसेज घुसडायचा – 'आग लागली', 'तुझी बायको आलीय', काहीही. मशीनने ते पकडायचे, मी वहीत 'खोटा' लिहायचं.

अशाच एका टेस्टिंगच्या दुपारी लाल अक्षरांत आलं – 'छातीत दुखतंय. ये.'

मी हसलो. 'खोटा' लिहिलं आणि डबा उघडला. गोखिवरे बाइकने दहा मिनिटांवर आहे... तासाभराने तिथल्या वॉचमनचा फोन आला. विल्सन गेला होता. त्याच्यासमोर खोट्या मेसेजची विंडो उघडी होती, घाईत त्याने तिथेच टाइप केलं होतं.

महिन्याभराने त्याची पेटी आम्ही वालीवला आणली. तिच्यातल्या किल्ल्या पुसल्या, फायबर काढलं. ती माझ्या टेबलाखाली नुसती पडून होती. आणि भर दुपारी, मी डबा उघडत असताना, स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं – 'छातीत दुखतंय. ये.'

शिक्का जुळला होता. पाठवणारा – गोखिवरे. किल्ली – आमच्या पेटीत त्या दिवशी वापरायची राहिलेली, अगदी पुढची. मी लॅबच्या साहेबांना बोलावलं.

साहेब म्हणाले, जुना मेसेज कुठेतरी अडकला असेल. पण जुन्यावर शिक्काच नव्हता, मग हा मारला कुणी? पुन्हा तपासायला किल्लीही उरली नव्हती, वापरताच ती पुसली गेली होती.

संध्याकाळी पाचूबंदरला गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, वहीतल्या 'खोटा'सकट. मी रडत होतो. मग तिने हळूच विचारलं, "मंग आज तरी तू गेलास का रं त्याच्याकडं?"

तो मेसेज कसा आला, मला आजही ठाऊक नाही. पण तो खरा आहे असं मशीनने सांगूनही मी गोखिवऱ्याला गेलो नव्हतो.